परकार सरांच्या जागेवर

तबूक,
बुधवार

प्रिय ज्ञानेश,

हे पत्र तुला दत्ताराम आणून देईल. तो आमच्या कॉलेजात इलेक्ट्रिशियन आहे, मूळचा संगमेश्वरचा. दोन वर्षांनी सुट्टीवर निघालाय आणि शुक्रवारी मुंबईत उतरला की पनवेलवरूनच पुढे जाणार आहे. तुझा पत्ता मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतला. फोन का नाही केला, असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी चिडून बोलायला लागले की तू हसतोस, चिपळूणची कसलीतरी जुनी आठवण काढतोस, मग मीही हसते, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की बोलायचं होतं ते राहूनच गेलं. या वेळी मला ते राहू द्यायचं नाही.

आमच्याकडे अजून थंडी आहे. सौदी म्हटलं की तुम्हा लोकांच्या डोळ्यांसमोर नुसतं ऊन येतं, पण तबूकला जानेवारीत सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा धरतो आणि दौलत साइटवर जायच्या आधी तो जुन्या इकाम्याच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या, कार्डाने खरवडत उभा असतो. सहा वर्षांपूर्वी आम्ही अशाच थंडीत इथे उतरलो. दौलतला बांधकामाच्या प्रोजेक्टवर नोकरी लागली होती आणि मी नुसतीच त्याची बायको म्हणून मागून आले होते. विमानतळावर परकार सर उभे होते, काखेत दोन ब्लँकेटं आणि हातात चहाचा थर्मास घेऊन. आपण दहावीत असताना शाळेच्या मैदानावर उभे असायचे तसेच ताठ, केस तेवढे पांढरे झालेले. पंधरा दिवसांत त्यांनी मला कॉलेजच्या ऑफिसात नेऊन उभं केलं. शिफारस एवढीच की ही माझ्या टीमची स्कोअरर होती, हिच्या आकड्यांत चूक निघायची नाही. त्या एका वाक्यावर मी आज नोकरी करते आहे. गेटची कार्डं, नेमणुकीच्या फायली, व्हिसाचे कागद, सगळं माझ्या टेबलावरून जातं. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

तर बातमी अशी की कॉलेजने परकार सरांना काढलं. बेसबॉलच्या हेड कोचच्या जागेवरून काढलं आणि दुसरं कुठलं काम दिलं नाही, म्हणजे देशाबाहेरच काढलं म्हण. इथे नोकरी गेली की इकामाही जातो.

सर इथे बारा वर्षं आहेत. आले तेव्हा कॉलेजात फुटबॉल सोडून काही नव्हतं. मैदानामागची रेताड जागा त्यांनी मागून घेतली, पिचरने बॉल टाकायला उभं राहायचा उंचवटा स्वतः घमेल्याने माती टाकून केला, आणि ज्या मुलांनी बेसबॉल फक्त मोबाइलवर पाहिला होता त्यांची टीम उभी केली. सौदी, सुदानी, फिलिपिनो, पाकिस्तानी, दोन आपले केरळचे. आठ कॉलेजांच्या लीगमध्ये या टीमने दोनदा कप आणला. ते आता कुणाला आठवत नाही. सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट आहे, की या मोसमात नऊ मॅच झाल्या आणि त्यातली एक जिंकली.

मी सरांची बाजू घेते आहे, मान्य. पण मी आंधळी नाही. एकसष्टाव्या वर्षी माणूस हट्टी होतो तसे ते झालेत. मॅचचा व्हिडिओ बघायला बसा म्हटलं तर म्हणतात, मी मॅचच पाहिली आहे, व्हिडिओ कशाला. कॉलेजने दिलेला टॅब्लेट खोक्यातून बाहेर आलेला नाही. मुलांना बॉल उचलून लांब मारायचा असतो आणि सर त्यांना बंट करायला लावतात, बॅट हलकेच धरून बॉल पायाशी पाडायला. मॅच हरली की मैदानाला दहा फेऱ्या, त्यातल्या पहिल्या दोन स्वतः पळणार. आता तुमच्या जागी तरुण माणूस हवा, असं कुणी त्यांना समोर बसवून, चहा देऊन, नीट सांगितलं असतं तर मीसुद्धा मनातून हो म्हटलं असतं. माझा सगळा राग आहे तो काढलं कसं यावर.

सप्टेंबरात आमच्याकडे नवे स्पोर्ट्स डायरेक्टर आले, अदनानसाहेब. जेद्दाहच्या कुठल्याशा क्लबमधून आलेले, चाळिशीचे, बोलायला गोड. पहिल्या महिन्यात त्यांनी सगळ्या कोचना चहाला बोलावलं आणि सरांना विचारलं, तुम्हाला कशाची कमी आहे. सरांनी सांगितलं, मला एक असिस्टंट द्या, माझे पाय आता पूर्वीसारखे चालत नाहीत आणि पिचरांकडे वेगळं बघणारा माणूस हवा. कोण हवा म्हटल्यावर सरांनी क्षणाचाही विचार न करता तुझं नाव सांगितलं. मी तिथे नोंदी घेत होते. सरांनी तुझ्या नावाचं स्पेलिंगसुद्धा मला सांगितलं, जणू मला ते येत नव्हतं. तुझं कौतुक करताना ते जसे फुलतात तसे त्या दिवशी फुलले होते. तुला कॉलेजचं मेल गेलं ते त्यावरून.

आता एकोणीस जानेवारीचा रविवार ऐक. सराव चारला असतो. सर पावणेचारला बॉलची पिशवी खांद्यावर टाकून मैदानाच्या गेटशी आले आणि कार्ड लावलं. लाल दिवा. परत लावलं, परत लाल. दत्ताराम तिथेच खांबावर चढून दिव्याचं काम करत होता, त्यानेच मला हे सांगितलं. सरांनी कार्ड शर्टाला पुसलं आणि पुन्हा लावलं. गेटवरचा पहारेकरी पेशावरचा, ताजुद्दीन, सरांच्या खोलीत ईदचा शीरखुर्मा खाल्लेला माणूस. त्याने फोन लावला आणि खाली मान घालून म्हणाला, उस्ताद, आपको अंदर छोडने का हुकूम नहीं है. सरांना वाटलं, कार्ड खराब झालंय आणि याला नीट कळलेलं नाही. मुलं आत जमली होती. वेळ फुकट कशाला घालवायचा म्हणून सरांनी बॉलची पिशवी कुंपणावरून आत टाकली आणि बाहेर उभं राहून सराव घ्यायला सुरुवात केली. दीड तास, ज्ञानेश. जाळीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची धूळ खात हा माणूस जाळीला तोंड लावून ओरडत होता, कोपर वर, पाय पुढे. सरावाच्या वेळी ते फोन बंद ठेवतात, तुला माहीत आहे. साडेपाचला फोन चालू केला तेव्हा मेल दिसलं. संघाच्या कामगिरीचा आढावा घेऊन आपल्याला आजपासून जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे. मेल दुपारी सव्वातीनला पाठवलेलं होतं.

आणि ते कार्ड मी बंद केलं होतं. त्याआधीच्या गुरुवारी दुपारी, सुट्टीच्या आधी आठवड्याचं काम संपवायच्या घाईत, वरून एक यादी आली, चौदा कार्डांचे नंबर, नावं नाहीत. दर महिन्याला अशी यादी येते, सोडून गेलेल्या लोकांची. मी एकेक नंबर टाकला आणि बंद केला. त्यातला नववा सरांचा होता. आकड्यांत चूक निघायची नाही म्हणून ज्यांनी मला नोकरी लावली, त्यांना मी आकडा बघून गेटबाहेर उभं केलं. सोमवारी सकाळी मी हे त्यांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, नाव बघून केलं असतंस तर मी काहीतरी बोललो असतो, नंबर बघून केलंस, जा, काम कर. मला तेही सहन झालं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

सोमवारी दुपारी मीटिंग. आदल्या दिवशी काढून टाकलेल्या माणसाला कारणं सांगायला बोलावतात, ही यांची पद्धत. डीन होते, अदनानसाहेब होते, आणि नोंदी घ्यायला मी. भिंतीवर आलेख, बहुतेक लाल. सर पांढरा शर्ट इस्त्री करून आले होते. अदनानसाहेबांनी विचारलं, हाशिर हा आपला सगळ्यात चांगला पिचर, तो धडधाकट दिसतो, तरी पाच मॅच त्याला बाकावर का बसवला, त्या पाचही मॅच आपण हरलो. सर म्हणाले, तो माझा निर्णय होता. त्यांनी परत विचारलं. सरांनी परत तेवढंच सांगितलं. अदनानसाहेबांनी डीनकडे असं पाहिलं, की बघा, मी काय म्हणत होतो. मग सरांनी एक मागणं मागितलं, दोन आठवडे द्या, मी टीम नीट कुणाच्या तरी हातात सोपवतो. अदनानसाहेब म्हणाले, त्याची गरज नाही, खलास. बारा वर्षांच्या कामाला एक शब्द. मी तो नोंदीत जसाच्या तसा लिहून ठेवला आहे.

मी गप्प बसले नाही, हे तुला सांगायला हवं, कारण तुला वाटतं मी फोनवरच शूर असते. त्याच दिवशी मी अदनानसाहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि विचारलं की माणसाला मेल वाचायलासुद्धा वेळ न देता गेट बंद करायची काय घाई होती, त्यांनी काय मैदान चोरून नेलं असतं. ते हसून म्हणाले, सिस्टर अमिता, तुम्ही फार मनाला लावून घेता, ही फक्त प्रक्रिया आहे. मग मी डीनना अर्ज लिहिला. अकरा जणांनी सह्या केल्या, त्यात दोन सौदी प्राध्यापक होते. दोन ओळींचं उत्तर आलं की विषय संपलेला आहे. मुलांनी तर मंगळवारी सरावच केला नाही, सगळी टीम कुंपणाबाहेर येऊन मातीत बसली. त्यांना उठवायला कोण आलं असेल. सरच आले. यल्ला, आत चला, शनिवारी मॅच आहे, माझ्या नावावर हरायची सबब नको, म्हणून एकेकाला दंडाला धरून गेटच्या आत ढकललं आणि आपण बाहेर थांबले. ती मॅचही मुलं हरली. सरांनी माझ्याकडून स्कोअर मागवून घेतला.

गेल्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून सर आमच्याकडे जेवायला आले. दौलतने सुरमई आणली होती. गोवळकोटला आमिनाचाचींना, स्वतःच्या बायकोला, त्यांनी खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. रमजान घरी करायचा म्हणून लवकर येतोय, एवढंच सांगितलं आहे. चाचींनी आनंदाने खोलीला रंग काढायला घेतलाय म्हणे. जेवण झाल्यावर सरांनी मला बाजूला बसवलं आणि एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी डीनला सांगितली नाही, अदनानसाहेबांना नाही, आलेख दाखवून विचारलं तेव्हाही नाही. ही गोष्ट फक्त नव्या कोचला सांग, म्हणाले, दुसऱ्या कुणालाही नको, दौलतलासुद्धा नको. म्हणून ज्ञानेश, ती मी तुला सांगते आहे.

हाशिरचा उजवा खांदा गेलेला आहे. नोव्हेंबरात सरांच्या लक्षात आलं की तो पाण्याची बाटली डाव्या हाताने उचलतो. त्याला घेऊन ते स्वतः दवाखान्यात गेले. आतला स्नायू अर्धा फाटलाय, चार महिन्यांच्या आत बॉल टाकलास तर कायमचा जाईल, असं डॉक्टरने सांगितलं. हाशिर खेळाच्या शिष्यवृत्तीवर शिकतो. दुखापत कागदावर आली तर शिष्यवृत्तीचा फेरविचार होतो, असा नियम आहे. त्याने सरांच्या पायावर हात ठेवला की कुणाला सांगू नका. सरांनी शब्द दिला. मग त्याला बाकावर बसवायला कारण हवं, म्हणून शिस्तीचं कारण पुढे केलं, उशिरा येतो वगैरे. त्या पाच मॅच सर उघड्या डोळ्यांनी हरले. मार्चच्या शेवटापर्यंत त्याच्या हातात बॉल द्यायचा नाही, आणि त्यानंतरही आधी वीस बॉल, मग तीस, एवढेच. तुझ्यापर्यंत पोचवायचा निरोप एवढाच होता.

आता माझं ऐक. हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर मी समजू शकले असते. तुला कळायला हवं होतं. कोल्हापूरची ती फायनल आठव. तू सतरा वर्षांचा होतास. सेमीफायनलनंतर तुला डोक्यावर हात नेऊन केस विंचरता येत नव्हते आणि तू कुणाला कळू नये म्हणून टोपी घालून फिरत होतास. सरांनी तुला फायनलला बसवलं. एका रनने हरलो आपण. तुझे बाबा सगळ्यांसमोर सरांना काय वाटेल ते बोलले, माझ्या मुलाचं वर्ष फुकट घालवलंत म्हणाले, आणि सर ऐकून घेत राहिले, कारण दहा पावलांवर राज्याच्या निवड समितीची माणसं उभी होती. खांदा दुखतो हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर तुझं नाव तिथेच खोडलं गेलं असतं. तू महिनाभर सरांशी बोलला नाहीस. पुढच्या वर्षी राज्याच्या टीममध्ये गेलास, त्याच खांद्याच्या जोरावर कॉलेजात कोच झालास. नंतर मला तूच म्हणाला होतास की आपल्या हाताचे मालक सर आहेत.

परवा सोमवारी तुझी व्हिसाची फाइल माझ्या टेबलावर आली. नव्या हेड कोचचे कागद तयार करा, असा शेरा होता. नाव वाचून मला आधी खरंच आनंद झाला, हे कबूल करते. वाटलं, सरांना काढल्यावर यांना तुझी आठवण झाली असेल आणि तू टीम सांभाळायला म्हणून होकार दिला असशील. मग मी फाइल लावायला घेतली. सगळ्यात खाली व्हिडिओ मुलाखतीचं टिपण होतं. तारीख सतरा डिसेंबर. सरांचं गेट बंद झालं त्याच्या महिनाभर आधीची. अदनानसाहेबांनी इंग्रजीत लिहिलेलं आहे, मी तुला मराठीत सांगते. उमेदवाराला विचारलं, तुम्हाला असिस्टंटऐवजी हेड कोचची जागा दिली तर घ्याल का. उमेदवार म्हणाला, आनंदाने. उमेदवाराला या मोसमाचे आकडे दाखवून सध्याच्या कोचबद्दल विचारलं. उमेदवार म्हणाला, त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण त्यांचा काळ संपला. सगळ्यात चांगला पिचर बाकावर बसवून मॅच हरणारा कोच आकडेही बघत नाही आणि खेळही. मी असतो तर हाशिरला प्रत्येक मॅचमध्ये उतरवलं असतं. खाली अदनानसाहेबांनी रेघ ओढून लिहिलंय की हा मुद्दा डीनसमोर मांडावा. तो मांडला गेला. भिंतीवर, लाल रंगात, सरांच्या तोंडासमोर. मी नोंदी घेत होते आणि ते शब्द कुणाचे आहेत हे मला माहीत नव्हतं.

एक जानेवारीला तुझा फोन आला होता. नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्यास, सर कसे आहेत विचारलंस. मी म्हटलं, थकलेत, पण तू असिस्टंट म्हणून येशील या आशेवर आहेत. तू म्हणालास, बघू या. मग सहज विचारल्यासारखं विचारलंस की कॅम्पसवर फॅमिली क्वार्टर मिळतात का, रुचिराला इंडियन स्कूलमध्ये नोकरी लागेल का, थंडी लहान मुलांना सोसते का. मी वेडी, उत्साहाने पानभर माहिती पाठवली. शाळेच्या मुख्याध्यापिकेचा नंबरसुद्धा दिला. त्या वेळी तुझ्या खिशात हेड कोचची जागा होती आणि सर इथे दुखऱ्या गुडघ्याने मुलांबरोबर फेऱ्या मारत होते. तुला एक फोन करता आला नाही त्यांना. असं विचारताहेत, काय सांगू, एवढंही विचारता आलं नाही. पुढे येण्याबद्दल मी तुला दोष देणार नाही. पनवेलच्या त्या कॉलेजात तुला कसं वागवतात ते मला ठाऊक आहे. पण ज्याने दार उघडलं त्यालाच त्या दारातून बाहेर ढकलायला हात लावायचा, आणि वर आदर आहे म्हणायचं, हे तू कुठे शिकलास. सरांकडे तर नक्कीच नाही.

हे पत्र का लिहिलं ते आता सांगते. नवा कोच कोण, हे सरांना अजून माहीत नाही. शुक्रवारी निघताना चपला घालता घालता ते म्हणाले, ज्ञानेश आला असता तर मी निवांत गेलो असतो, पण तो माझ्या जागेवर यायचा नाही, त्याला कितीही बोलावलं तरी, पोरगा तसा नाही. मी तेव्हा हो म्हटलं, कारण फाइल माझ्यापुढे सोमवारी आली. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता कॉलेज तुझं नाव आणि फोटो जाहीर करणार आहे, आणि तो मजकूर मीच तयार करायचा आहे. सरांचं विमान त्यानंतर दोन दिवसांनी, मंगळवारी. भिंतीवरच्या कागदावरून त्यांना हे कळता कामा नये. गेट बंद झाल्याचं त्यांना लाल दिव्यावरून कळलं, तेवढं एकदा पुरे झालं. तू येऊ नकोस असं मी म्हणत नाही. ये, टीमला तुझी गरज आहे आणि व्हिसाचे कागद मी एकही दिवस अडवणार नाही. पण शनिवारपर्यंत त्यांना फोन कर आणि स्वतःच्या तोंडाने दोन्ही सांग, येतो आहेस ते आणि मुलाखतीत काय बोललास ते. तू नाही सांगितलंस तर रविवारी ऑफिसला जायच्या आधी मी त्यांच्या खोलीवर जाऊन सांगेन, आणि मी काही गाळणार नाही. असरची नमाज झाली की, म्हणजे इथले चार वाजले की, कधीही कर, ते फोन पहिल्या रिंगला उचलतात. पूर्वी त्या वेळेला त्यांचा फोन बंद असायचा.

रागावलेली, तरी अजून तुझीच,
अमिता